नाद चांगला, पण पावती कुणाच्या नावाची?

कोल्हापुरात 'नाद' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. पोरगा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर बीजीएमआय खेळत बसला की आई म्हणते, "लई वाईट नाद लागलाय त्याला." तोच पोरगा पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर गोल मारून आला की अख्खी गल्ली म्हणते, "नाद खुळा!" म्हणजे खेळाच्या वेडाचं या गावाला वावडं नाही. राजर्षी शाहूंनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं, तेव्हापासून खेळ ही इथे चार भिंतींतली गोष्ट राहिलेली नाही. मल्ल लढतो, लोक तिकीट काढून बघतात, आवडत्या पैलवानावर तिथल्या तिथे इनाम लावतात. खेळणाऱ्याने घाम गाळायचा आणि बघणाऱ्याने खिशात हात घालायचा, हा व्यवहार आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून गेम खेळता खेळता आजारी मुलांच्या दवाखान्यासाठी पैसे गोळा करण्याची जी रीत गेल्या वीस-बावीस वर्षांत जगभर रुजली, ती कोल्हापुरात परकी वाटण्याचं कारण नाही. इथल्या गेमर पोरांनी ती जरूर उचलावी, घरच्यांनी त्यांना बळ द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि तिच्यात तडजोड नको: जमलेला एक रुपयाही खेळणाऱ्याच्या खात्यातून जाता कामा नये. बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही चूक एकदा झाली की गावाचा विश्वास उडतो, आणि पुढची दहा वर्षं कुणी पोरगा असं काही करायला निघाला की लोक दार लावून घेतात.

आधी हे जगात सुरू कसं झालं ते बघू. २००३ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात गेम्समुळे मुलं हिंसक होतात अशा आशयाचा लेख छापून आला. त्याला उत्तर म्हणून 'पेनी आर्केड' ही गेमिंगवरची व्यंगचित्रमालिका चालवणाऱ्या माईक क्राहुलिक आणि जेरी होल्किन्स यांनी वाद घालत बसण्याऐवजी आपल्या वाचकांना आवाहन केलं की सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयासाठी खेळणी द्या. पहिल्याच वर्षी खेळणी आणि रोख मिळून अडीच लाख डॉलर्सच्या घरात मदत जमली आणि 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था उभी राहिली. तिच्यातली खरी हुशारी यादीत होती. काय हवं हे देणाऱ्याने ठरवायचं नाही. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी यादी करायची आणि लोकांनी त्या यादीतलंच घ्यायचं.

दुसरी मोठी चळवळ 'एक्स्ट्रा लाइफ'. टेक्ससमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला तिथल्या गेमर मंडळींनी गेम्स आणि भेटवस्तू पाठवल्या होत्या. २००८ च्या सुरुवातीला ती गेली. तिच्या आठवणीत त्याच वर्षी चोवीस तास खेळण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो 'चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क हॉस्पिटल्स' या अमेरिका-कॅनडातल्या मुलांच्या रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडला गेला. इथे खेळणारा नाव नोंदवतानाच आपल्या भागातलं रुग्णालय निवडतो, आणि त्याच्या ओळखीपाळखीच्यांनी दिलेले पैसे त्या रुग्णालयाच्या नावे जमा होतात. पैसा आपल्याच गावातल्या वॉर्डात जाणार हे माहीत असल्याने मागणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो आणि देणाऱ्याचा हातही.

'गेम्स डन क्विक'चा हिशेब तर मुद्दाम समोर ठेवण्यासारखा आहे. जुने गेम कमीत कमी वेळात संपवून दाखवणारी ही मंडळी. जानेवारी २०१० च्या पहिल्या कार्यक्रमात दहा हजार डॉलर्सच्या आसपास जमले. २०२० च्या जानेवारीत एकाच आठवड्यात कर्करोग प्रतिबंधाच्या कामासाठी एकतीस लाखांहून जास्त. दहा वर्षांत एवढा फरक पडला, त्यात बघणाऱ्याला खेळात हात घालू देण्याचा वाटा मोठा आहे. 'सुपर मेट्रॉइड' या गेममध्ये शेवटी अडकलेल्या प्राण्यांना सोडवायचं की वेळ वाचवण्यासाठी तसंच पुढे पळायचं, हे देणग्यांच्या बेरजेवर ठरतं. दोन गट इरेला पेटतात आणि झोळी भरत जाते. पेठापेठांतल्या फुटबॉलची ईर्षा ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या गावाला यातली गंमत समजावून सांगायला नको.

आता पैशाच्या वाटेकडे वळू. लेखाचा जीव इथेच आहे.

नेहमी होतं ते असं. चार मित्र ठरवतात, शनिवारी लाइव्ह जायचं. एकाच्या नावाचा यूपीआयचा क्यूआर कोड स्क्रीनच्या कोपऱ्यात लागतो. पैसे आले की नाव झळकतं, घंटा वाजते, वातावरण तापतं. रात्रीत बावीस हजार जमतात. मग कुणी म्हणतो माईक भाड्याने आणला होता त्याचे आठशे द्या, कुणी म्हणतो वडापाव आणले त्याचे सहाशे. उरलेले रुग्णालयात द्यायला जावं तर तिथला लिपिक विचारतो, पावती कुणाच्या नावाने फाडू? बावीस हजार एका पोराच्या बचत खात्यातून आलेत, देणारे तीनशे जण आहेत, त्यांची नावं कुणाकडे नाहीत. यात कुणी एक पैसाही खाल्लेला नसेल, तरी दाखवायला काही नाही. आणि जे दाखवता येत नाही ते गावात खाल्लं असंच धरलं जातं.

कायद्याच्या अंगानेही ही वाट वाकडी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधलं कलम ४१ (क) गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना चांगलं ठाऊक असतं. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी मागायची तर धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो, तो याच कलमाखाली. मोबाईलच्या पडद्यावर मागितली म्हणून ती वर्गणी नव्हे, असं होत नाही. चार पोरांच्या गटाला हे सगळं निस्तरण्यापेक्षा सोपा मार्ग आहे: स्वतः गोळा करूच नका. रुग्णालय चालवणाऱ्या किंवा मुलांच्या आजारावर काम करणाऱ्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचा क्यूआर लावा. पैसा थेट तिच्या खात्यात जाईल, पावती ती फाडेल, हिशेब तिच्या लेखापरीक्षणात येईल. तुमचं काम माणसं जमवण्याचं.

सरकारी रुग्णालय निवडायचं असेल, दसरा चौकापासून जवळच्या सीपीआरसारखं, तर तारीख ठरवण्याआधी अधिष्ठात्यांच्या नावाने लेखी पत्र द्यावं आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. देणगी कोणत्या खात्यात, कोणत्या कामासाठी घेता येईल याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत पोस्टर बनवू नये. या उत्तराला वेळ लागतो. दोन महिने हाताशी ठेवले तर चिडचिड होत नाही.

यूट्यूबवरच्या 'सुपर चॅट'चा, म्हणजे बघणाऱ्याने पैसे देऊन आपला संदेश चॅटमध्ये ठळक करून घेण्याच्या सोयीचा, मोह इथे आवरावा लागतो. दिसायला ते सोयीचं, पण शंभरातले तीस रुपये यूट्यूब ठेवतं. उरलेले सत्तर तुमच्या चॅनेलची कमाई म्हणून पुढच्या महिन्यात, २१ तारखेनंतर, तेही ठरावीक रक्कम साठली असेल तरच येतात आणि तुमचं उत्पन्न म्हणून मोजले जातात. देणाऱ्याला वाटतं आपण शंभर दिले. आजारी मुलापर्यंत किती पोचले हे सांगताना तुमचीच जीभ अडखळते. त्यापेक्षा त्या दिवशी सुपर चॅट बंद ठेवावं.

थेट संस्थेच्या क्यूआरमध्ये एक अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पैसे आल्याची घंटा तुमच्या स्क्रीनवर वाजत नाही, कारण खातं तुमचं नाही. ही घंटा हवी म्हणूनच बहुतेक जण स्वतःचा क्यूआर लावतात. याला साधा उपाय चालतो. देणाऱ्याने पैसे पाठवल्यावर एका गुगल फॉर्ममध्ये नाव, रक्कम आणि यूपीआयच्या बारा अंकी व्यवहार क्रमांकातले शेवटचे चार अंक भरावेत. संस्थेचा हिशेबनीस दर तासाला खात्यातली नोंद आणि फॉर्म ताडून आकडा कळवतो, तुम्ही तो वाचून दाखवता, नावं घेता. तासाभराचा उशीर होतो खरा, पण दर तासाला 'आकडा येणार' म्हणून लोक थांबून राहतात, हा वरचा फायदा. संस्थेचा माणूस रात्री अकराला उठून जाणार असेल तर तेही आधीच ठरवून घ्या आणि शेवटचा आकडा सकाळी जाहीर करा.

क्यूआर लावण्यातही एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. आपले बहुतेक प्रेक्षक मोबाईलवर बघतात, आणि ज्या मोबाईलवर कोड दिसतोय त्याच मोबाईलच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करता येत नाही. मग स्क्रीनशॉट काढायचा, ॲपमध्ये जाऊन तो उघडायचा; एवढ्यात निम्मे लोक सोडून देतात. म्हणून यूपीआय आयडी अक्षरांत लिहून चॅटच्या वर पिन करून ठेवावा. तो ठळक वाचता येईल असा, आणि संस्थेच्या नावासकट. दर तासाला सांगावं: पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये खातेदाराचं नाव संस्थेचंच दिसतंय ना, बघा, नसेल तर पाठवू नका. लाइव्हची क्लिप उचलून तिच्यावर स्वतःचा कोड चिकटवणारे भामटे असतात.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्नही येतो. कोल्हापूरचं पोर आज पुण्यात नसलं तर म्युनिक नाहीतर डॅलसमध्ये असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने दिलेली देणगी परकीय ठरत नाही. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय त्याची ठरते, रुपयांत दिली तरीही. ती घेण्यासाठी संस्थेकडे परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी आणि त्यासाठीचं वेगळं खातं लागतं. लहान संस्थांकडे ते नसतं. तेव्हा मामाला प्रेमाने नाही म्हणा, आणि लिंक पसरवायला सांगा.

पैसे कशासाठी मागायचे, यावर आमचं मत बऱ्याच जणांना रुचणार नाही. मशीन नको. काचेची पेटी, त्यावर 'अमुक गेमर ग्रुपतर्फे सप्रेम भेट' असा स्टिकर, हार घातलेला फोटो, हे चित्र मोहक आहे. पण नवजात बाळांच्या वॉर्डातलं कोणतंही यंत्र विकत घेण्याने काम सुरू होतं, संपत नाही. दर वर्षी देखभालीचा करार लागतो, दर बाळामागे नळ्या, सेन्सर, फिल्टर लागतात, व्होल्टेज वरखाली झालं की बोर्ड जळतो, आणि दुरुस्ती करणारा माणूस बहुधा पुण्याहून यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय उपकरणांच्या देणग्यांबद्दल २०११ साली मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती याच अनुभवातून. देणाऱ्याने यंत्र दिलं आणि सुटे भाग दिले नाहीत तर घेणाऱ्याच्या गळ्यात भंगार पडतं.

मग काय द्यावं? जे योजनेत बसत नाही ते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच आहे. धर्मादाय रुग्णालयांना कलम ४१ (क क) प्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे शस्त्रक्रियेचं बिल बऱ्याचदा कुठेतरी बसतं. गाडीभाडं बसत नाही. थॅलेसेमिया या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि ते आयुष्यभर. चंदगडच्या खेड्यातून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. तीन आठवड्यांना एक धरली तरी वर्षाला सतरा फेऱ्या. एसटी, रिक्षा, दोघांचं जेवण मिळून फेरीला पाचशे धरू. वर्षाचे साडेआठ हजार. त्यात आईची किंवा बापाची बुडालेली सतरा दिवसांची मजुरी धरलेलीच नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, आणि अर्ध्यावर उपचार सुटण्याचं एक मोठं कारण औषधाची किंमत नसतं, ही ये-जा असते. पेरणीचे दिवस येतात, एक फेरी चुकते, मग दुसरी.

दहा मुलांच्या वर्षभराच्या फेऱ्या म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये. हा आकडा कोल्हापुरातल्या दहा-बारा गेमर पोरांच्या आवाक्यातला आहे. त्यावर स्टिकर लावता येत नाही, फोटो निघत नाही, तरी आमच्या मते मागायला हवा तो हाच.

मागण्याची पद्धत कशी असावी, यासाठी कॅनडातल्या मंडळींची एक युक्ती घेण्याजोगी आहे. २००७ पासून ते 'डेझर्ट बस' नावाचा जगातला बहुधा सर्वांत कंटाळवाणा गेम चाइल्ड्स प्लेसाठी खेळतात. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर आठ तास बस चालवायची, ती किंचित उजवीकडे ओढते, थांबवता येत नाही. पहिला तास खेळायला लोकांनी एक डॉलर द्यायचा, पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा सात टक्क्यांनी महाग. सुरुवात नगण्य वाटते, पण शंभराव्या तासाची किंमत आठशे डॉलर्सच्या वर जाते. आपल्याकडे हेच रुपयांत मांडू. पहिला तास पाचशे, पुढचा प्रत्येक पंधरा टक्क्यांनी वाढता. बारावा तास साधारण २,३२६ रुपयांना पडतो आणि बारा तासांची बेरीज होते साडेचौदा हजार. म्हणजे एकोणतीस फेऱ्या: एका मुलाचं पूर्ण वर्ष आणि दुसऱ्याचे आठेक महिने. स्क्रीनवर 'लक्ष्य ५०,०००' असं लिहिण्यापेक्षा 'अठरावी फेरी भरली, एकोणिसावीला दोनशे कमी' असं लिहिलं की वीस रुपये देणाऱ्यालाही आपले वीस कुठे बसले ते दिसतं.

आता चोवीस तासांबद्दल. एका माणसाने चोवीस तास खेळायचं नाही. ही परंपरा तिकडची आहे आणि तिकडेही आता तिचा आग्रह राहिलेला नाही; एक्स्ट्रा लाइफमध्ये तास वाटून, हवे तेव्हा खेळता येतात. २००५ साली दक्षिण कोरियातल्या तेगूमध्ये सुमारे पन्नास तास खेळणारा तरुण आणि २०१५ च्या जानेवारीत तैवानच्या काओसुंगमध्ये तीन दिवस गेम कॅफेत बसून राहिलेला माणूस, दोघांचेही हृदय बंद पडून मृत्यू झाले. चोवीस तास म्हणजे तेवढे नव्हेत, मान्य. पण एका जागी बसून पायांत रक्त साकळणं, एनर्जी ड्रिंकच्या डब्यांवर डबे आणि पहाटे घरी जाताना दुचाकीवर लागणारी डुलकी, यांतली शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त भिववते. आजारी मुलांसाठी खेळून कुणी स्वतः खाटेवर पडू नये.

मंडळात रात्रीची पाळी लावतात तशी इथे लावावी. सकाळी दहा ते रात्री दहा, चार जोड्या, प्रत्येकी तीन तास. एक खेळणारा, एक बोलणारा. बोलणाऱ्याचं काम जास्त अवघड असतं आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. शांतपणे खेळणाऱ्या उत्तम खेळाडूपेक्षा ओघवतं बोलणारा मध्यम खेळाडू जास्त वर्गणी आणतो. दर तासाला दहा मिनिटं उठायचं. त्या दहा मिनिटांत संस्थेच्या डॉक्टरांनी किंवा समाजसेविकेने थॅलेसेमिया म्हणजे काय, लग्नाआधी एचबीए-टू ही रक्ततपासणी का करावी, हे सांगावं. पैसे नाही आले तरी एवढं पोचलं तर दिवस वाया गेला नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. लाइव्ह दाखवायला ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. १०८०पीचा हट्ट नको. मोबाईलवर बघणाऱ्याला ७२०पी छान दिसतं आणि तीन हजार केबीपीएसवर काम भागतं. अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट तरी हवा, आणि तो आदल्या शनिवारी त्याच वेळेला मोजावा, कारण संध्याकाळी गल्लीतले सगळेच जोडलेले असतात. या दराने तासाला सुमारे १.३५ जीबी जातो, बारा तासांचे सोळा जीबी. फायबर तुटला की मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जाऊ, असं सगळे म्हणतात, पण रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर दीड तासात गाडी थांबते. त्या दिवसापुरता मोठा डेटा पॅक आधीच मारून ठेवावा. वीज गेली तर डेस्कटॉपसाठीचा छोटा यूपीएस जेमतेम काही मिनिटं तगतो. लॅपटॉप बरा, आणि राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस. सिनेमातली गाणी मागे लावू नका, कॉपीराइटचा दावा आला की रेकॉर्डिंगच हातचं जातं. जून ते सप्टेंबर तारीख धरू नये. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की गावाचं लक्ष दुसरीकडे असतं आणि असायलाच हवं. मोठ्या फुटबॉल सामन्याचा दिवसही टाळावा. दिवाळीनंतरचा शनिवार उत्तम.

स्पर्धा भरवून पैसे उभे करायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो: शंभर रुपये प्रवेश फी, जिंकणाऱ्याला पाच हजार, उरलेले दवाखान्याला. हे करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी जागा आहे, पण तिच्या अटी आहेत, आणि गल्लीतल्या स्पर्धेला त्या पाळणं जड जाईल. हेतू चांगला असल्याने खेळाचं स्वरूप बदलत नाही. देणाऱ्यांतून सोडत काढून हेडफोन देणं, हेही लॉटरीच्या अंगाने जातं. प्रवेश मोफत ठेवा, बक्षीस म्हणून फेटा बांधा. कोल्हापुरात फेट्याला पाच हजारांहून जास्त मान आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आम्ही कुणाचंही ऐकून घेणार नाही. आजारी मुलाचा चेहरा दाखवायचा नाही. आईवडिलांनी हो म्हटलं तरी नाही. नाकात नळी, डोक्यावरचे केस गेलेले, खाली क्यूआर कोड. असा फोटो लावला की पैसे जास्त येतात हे खरं आहे. पण मदतीच्या ओझ्याखाली असलेले आईबाप नाही म्हणू शकत नाहीत, आणि ते पोर बरं होऊन कॉलेजला गेल्यावर तोच फोटो कुणीतरी त्याच्यासमोर धरतो. वॉर्डात कॅमेरा नेऊच नये. खेळणारी पोरंसुद्धा लहान असतील तर सावध राहावं: यूट्यूबवर सोळा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाइव्ह जाता येत नाही, शेजारी मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाने नुसतं बसू नये, चॅट वाचावं.

ज्यांना हा सगळा उद्योगच पटत नाही, त्यांचे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला, याने गेमिंगच्या व्यसनाला पुण्याचं लेबल लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे, तेव्हा भीती अस्थानी नाही. पण त्या विकाराची खूणच अशी आहे की खेळावरचा ताबा सुटतो, बाकी आयुष्य मागे पडतं. तीन तासांची पाळी, वेळेवर उठणं, हिशेबनिसाला फोन, डॉक्टरांशी आधी बोलणी, नंतर पावत्या वाटणं, यात पोराचा खेळावर ताबा येतो. एकट्याने अंधारात खेळणाऱ्या पोराला घरच्यांसमोर, गल्लीसमोर, घड्याळासमोर आणायचा याहून चांगला मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मुलांचे उपचार ही सरकारची जबाबदारी, तुम्ही वर्गणी काढून ती हलकी का करता? हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच खाट, डॉक्टर, औषध, यंत्र यांसाठी एक रुपया मागू नये, असं म्हणतो. तिथे मागणी सरकारकडे आणि आवाज मोठा. प्रवासाच्या खर्चाची तरतूद उद्या शासनाने केली तर पोरांनी आनंदाने दुसरं काही शोधावं. पण ती तरतूद होईपर्यंत चंदगडच्या त्या पोराची पुढची फेरी तीन आठवड्यांवर आलेली असते.

वॉर्डात गेम्स द्यायची इच्छा मात्र सुटत नाही, आणि तीही चूक नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचा आभासी खेळ केला. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि वेदना कमी जाणवते. तेव्हा खेळ वॉर्डात हवाच. पण तो कसा द्यायचा याचं पथ्य आहे. मऊ खेळणी नकोत, ती पुसून निर्जंतुक करता येत नाहीत. टॅब्लेट असावा, इंटरनेटशिवाय चालणारे गेम भरलेला, जाड सिलिकॉनच्या कव्हरात. दर मुलानंतर पुसता येईल असा. आणि देण्याआधी एक प्रश्न विचारावा: याची नोंद कुठे होणार? डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, वस्तू चढली की ती हरवल्याचा जाब इनचार्ज सिस्टरला द्यावा लागतो. मग ती बिचारी ती वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवते, आणि तिचं चुकतही नाही. असे टीव्ही, अशी खेळणी खोक्यासकट वर्षानुवर्षं कपाटात राहतात. टॅब्लेट संस्थेच्या मालकीचा ठेवून तिच्या स्वयंसेविकेने रोज दुपारी चार ते सहा तो घेऊन यावा आणि परत न्यावा, असं ठरलं तर तो मुलांच्या हातात पडतो. त्या दोन तासांची स्वयंसेविका मिळवणं टॅब्लेटपेक्षा अवघड आहे. गेमर पोरांपैकी कुणी आठवड्यातला एक दिवस तिथे जाऊ शकेल का, हे स्ट्रीमच्या तारखेआधी ठरवावं, कारण कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार ते त्यावरच ठरतं.